सज्जनांचं घड्याळ

गो हा सभ्य माणसांचा खेळ आहे, असं गो खेळणारे सगळेच सांगतात. त्यात खोटं काही नाही. डाव सुरू होण्याआधी दोघं खेळाडू एकमेकांपुढे वाकतात आणि, स्पर्धा जपानात असो की जर्मनीत, 'ओनेगाइशिमासु' असं पुटपुटतात. खेळताना बोलायचं नाही, वाडग्यातल्या सोंगट्या खळखळवायच्या नाहीत, समोरच्याने घोडचूक केली तरी आपल्या ओठाचा कोपरा हलू द्यायचा नाही. हरणारा पट उधळून देत नाही. तो मान झुकवून हार मान्य करतो आणि जिंकणारा त्याहून खालच्या आवाजात आभार मानतो. कोण जिंकलं हे शेजारच्या टेबलावरच्या माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही, इतकी ही सभ्यता मुरलेली असते.

अशा दोन माणसांच्या शेजारी संयोजक एक घड्याळ आणून ठेवतात आणि नियमपुस्तक शोधावं लागतं.

घड्याळाचे नियम सलग वाचून काढले की एक गोष्ट ध्यानात येते. यातला एकही नियम कुणाला आरामखुर्चीत बसून सुचलेला नाही. 'ज्या हाताने सोंगटी ठेवली त्याच हाताने घड्याळ दाबावं' हे वाक्य, आधी कुणीतरी दुसऱ्या हाताने दाबल्याशिवाय, जगात कुणी लिहिलं असतं का? प्रत्येक कलमामागे एक सज्जन उभा आहे. त्याने बेकायदा काहीच केलेलं नव्हतं, कारण तोवर कायदाच नव्हता. त्याने जे केलं ते पाहून उरलेल्या सज्जनांना वाईट वाटलं, मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला हे आधी सुचलं नाही याचंच जास्त वाईट वाटतंय, आणि त्यांनी नियम केला. त्या मूळ पुरुषाचं नाव कुठेही नोंदलेलं नाही. कलम हेच त्याचं स्मारक.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: उभ्या 19 रेघा, आडव्या 19 रेघा, त्यांचे 361 छेद. एकाकडे काळ्या सोंगट्या, दुसऱ्याकडे पांढऱ्या. पहिली चाल काळ्याची. छेदावर एकदा ठेवलेली सोंगटी जागची हलत नाही, पण चारी बाजूंनी कोंडली तर उचलली जाते. ज्याने जास्त मुलूख वेढला तो जिंकला. चाल झाली की बटण दाबायचं, आपला वेळ थांबतो आणि समोरच्याचा सुरू होतो. एका डावात दोनशे-अडीचशे चाली सहज होतात, म्हणजे घड्याळाचं बटणही तितक्याच वेळा दाबलं जातं. खेळातलं कौशल्य दोनशे चालींत दिसेलच असं नाही. स्वभाव मात्र दोनशे वेळा दाबताना लपत नाही.

युरोपातल्या कुठल्याही गावी शनिवार-रविवारची एक स्पर्धा गाठावी आणि शाळेच्या हॉलमध्ये मांडलेल्या पटांमधून नुसतं हिंडावं. खेळ बघू नये, हात बघावेत. मुरलेला खेळाडू सोंगटी तर्जनीच्या नखावर आणि मधल्या बोटाच्या पेराखाली धरतो, पटावर 'टक्' असा स्वच्छ आवाज करून ठेवतो, आणि तोच हात तसाच पुढे जाऊन घड्याळावर विसावतो. पाणी वाहत गेल्यासारखं हे सगळं होतं. बघून आपल्यालाही उगाच बरं वाटतं.

त्याच्या पलीकडच्या टेबलावर मात्र उजवा हात चाल करतोय आणि डावा हात आधीच घड्याळाच्या डोक्यावर टपून बसलाय. सोंगटी पटाला टेकते न टेकते तोच बटण खाली. 'त्याच हाताने' हा नियम याच्या पूर्वजांनी करायला लावलेला. त्यामुळे पंच जवळ आले की डावा हात निरागसपणे हनुवटी खाजवायला जातो.

तिसरा माणूस नियमात पक्का आहे. त्याच हाताने ठेवतो, त्याच हाताने दाबतो, पण दाबल्यावर बोट उचलायचं विसरतो. जुन्या, दोन तबकड्यांच्या घड्याळात एका बाजूचं बटण दाबून धरलं की दुसऱ्या बाजूचं खालीच जात नाही. समोरचा चाल करून दाबायला जातो, बटण हलत नाही, तो मान वर करून बघतो, आणि हा दचकून 'अरेच्चा, माफ करा' म्हणत बोट काढतो. तीन सेकंद गेले. माफी खरी असते. सेकंदही खरे असतात.

चौथ्याला घाई फार. आपण सोंगटी ठेवली, हात अजून घड्याळाच्या वाटेवर आहे, तोवर याने उत्तराची चाल ठेवूनसुद्धा दिलेली असते. आता बटण कुणी दाबायचं? आपण दाबलं तर त्याचं घड्याळ सुरू होणार, ते तो लगेच बंद करणार. नाही दाबलं तर आपलंच चालू राहणार. आपला हात हवेत लोंबकळत राहतो आणि काही न करता आपणच काहीतरी चुकलो असं वाटू लागतं. समोरच्याने बटण दाबेपर्यंत थांबावं, हा शिष्टाचार या चौघांमध्ये सर्वांत साधा आणि सर्वांत कमी पाळला जाणारा आहे.

आणि पाचवा थापट मारतो. हा माणूस डावाच्या पूर्वार्धात कुठेही सापडणार नाही. डाव हातातून निसटायला लागला की तो जन्माला येतो. सोंगट्या पटाला चिकटवलेल्या नसतात, त्यामुळे थापेसरशी टेबल हादरतं आणि कोपऱ्यातल्या दहाबारा सोंगट्या आपापली घरं सोडून रेघांच्या मधोमध येऊन उभ्या राहतात. त्या नीट लावणं भाग असतं. पण कुणाच्या वेळात? ज्याने हलवल्या त्याच्या, हे शहाणपणाचं उत्तर. मात्र त्याने बटण दाबलेलं असतं, म्हणजे वेळ आता समोरच्याचा चालू असतो, आणि नेमक्या याच वेळी त्याला नीटनेटकेपणाचा उमाळा येतो.

घड्याळ यायच्या आधी हे काहीच नव्हतं, असं जुनी माणसं उसासा टाकून म्हणतात. बरोबर आहे. घड्याळ यायच्या आधी वेळ ही थोरांच्या मालकीची वस्तू होती, आणि घड्याळ आल्यावरही ती मालकी लगेच सुटली नाही. ऑक्टोबर 1933 मध्ये टोकियोत मेइजिन शूसाई यांच्यासमोर चीनहून आलेला 19 वर्षांचा गो सेइगेन बसला. मेइजिन म्हणजे खेळातलं सर्वोच्च पद, आणि शूसाई त्या पदावर पिढीजात थाटाने बसलेले. पोराने पहिली सोंगटी थेट कोपऱ्यातल्या तिसऱ्या रेघांच्या छेदावर ठेवली, जी जागा शूसाईंच्या होनिनबो घराण्यात निषिद्ध मानलेली होती. तिसरी चाल तर त्याने पटाच्या बरोबर मध्यभागी केली. दोघांना प्रत्येकी 24 तास होते, म्हणजे कागदावर घड्याळ समान. पण आपली पाळी असताना वाटेल तेव्हा डाव तहकूब करायचा हक्क मेइजिनांना होता. चाल करायची नाही, नुसतं उठायचं आणि घरी जायचं. घरी शिष्य होते, पट होता, चहा होता. अशा डझनभर तहकुब्यांनी तो डाव जानेवारी 1934 पर्यंत चालला. शूसाईंची 160 वी चाल अप्रतिम होती आणि ते 2 गुणांनी जिंकले. ती चाल मायेदा नोबुआकी या शिष्याला सुचली होती, अशी कुजबुज पुढे कितीतरी वर्षं चालू राहिली. शिष्याची खरोखर असो वा नसो, तिच्यामुळे एका नव्या कलमाची जागा तयार झाली.

1938 मध्ये शूसाई निवृत्तीचा डाव खेळायला बसले, तेव्हा समोर कितानी मिनोरू होता आणि अटी कडक होत्या. प्रत्येकी 40 तास. तहकुबीच्या वेळी ज्याची पाळी असेल त्याने आपली पुढची चाल गुपचूप कागदावर लिहून पाकिटात बंद करायची, म्हणजे घरी जाऊन कुणालाही विचारून उपयोग नाही. सज्जनांचा बंदोबस्त झाला असं सगळ्यांना वाटलं. डाव 26 जूनला सुरू झाला. मध्ये शूसाई आजारी पडले, तीन महिने खेळ थांबला, आणि पुन्हा बसल्यावर एका तहकुबीला कितानीने आपली 121 वी चाल पाकिटात घातली. पाकीट उघडलं तर पटावर लढाई पेटलेली एकीकडे आणि चाल भलतीकडेच, अशी की शूसाईंनी तिला उत्तर देणं भागच होतं. म्हणजे पाकीटही भरलं आणि खऱ्या लढाईचा विचार करायला मोकळा वेळही मिळाला. कितानीच्या मनात तसं काही होतं की नव्हतं यावर आजही वाद आहे. शूसाई मात्र संतापले, त्यांचा तोल गेला, 130 वी चाल चुकली आणि 4 डिसेंबरला ते 5 गुणांनी हरले. नियम झाला, पाठोपाठ त्या नियमाचा सज्जनही हजर झाला.

हा डाव वर्तमानपत्रासाठी बघायला यासुनारी कावाबाता बसले होते. पुढे त्यांनी त्यावर 'मेइजिन' ही कादंबरी लिहिली, आणि 1968 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. कादंबरीत कितानीचं नाव बदललेलं आहे, पण तो सतत चहा पितो आणि सतत उठून बाहेर जातो हे बारकाईने आलेलं आहे. डावाअखेर हिशेब झाला तेव्हा शूसाईंनी 19 तास 57 मिनिटं वापरली होती आणि कितानीने 34 तास 19 मिनिटं. ज्याला वेळेचा जाच कधी फारसा झालाच नव्हता त्याने अर्ध्याहून कमी वेळ घेतला. समोरच्याने जवळजवळ सगळा संपवला.

जपानी मोठ्या सामन्यांत वेळ मोजण्याची एक गमतीदार पद्धत आहे. नोंद ठेवणारा शेजारी बसतो आणि फक्त पुरी झालेली मिनिटं लिहितो. एक मिनिट भरायच्या आत चाल केली तर खर्च शून्य. म्हणजे 59 सेकंदांचा विचार फुकट, आणि साठाव्या सेकंदाला एकदम मिनिटभराचं बिल. इतक्या उदार व्यवस्थेत माणसं काटकसर करतील असं वाटतं. दोन दिवसांच्या सामन्यात प्रत्येकी 8 तास असतात, आणि तरी शेवटच्या मिनिटावर येऊन ठेपतात. 1978 च्या किसेई किताबाच्या सामन्यात फुजिसावा शूको कातो मासाओविरुद्ध 1-3 असे मागे होते. पाचव्या डावात ते एका चालीसाठी 2 तास 57 मिनिटं विचार करत बसले. उठले तेव्हा कातोचा भलामोठा गट मेलेला होता. तो डाव त्यांनी घेतला, पुढे सामनाही. समोर बसलेल्या कातोंनी त्या तीन तासांत काय केलं याची नोंद ठेवायला घड्याळात सोय नव्हती. शिष्टाचार सांगतो की समोरचा विचार करत असताना हलू नये, सुस्कारे टाकू नयेत, पंख्याची उघडझाप करू नये. तीन तास न हलणं ही सभ्यता नाही, तपश्चर्या आहे.

वेळ संपला की 'ब्योयोमी' सुरू होते. आता प्रत्येक चालीला एकच मिनिट, आणि ते मिनिट नोंद ठेवणारा मोठ्याने वाचून दाखवतो. तीस सेकंद. चाळीस. पन्नास. मग एक, दोन, तीन... नऊ ऐकू येईपर्यंत सोंगटी पटावर पाहिजे. दहा ऐकू आले की हरलात. मांडवात गुरुजींनी 'सावधान' म्हटल्याबरोबर लहानगा नारायण बोहल्यावरून पळाला आणि पुढे समर्थ रामदास झाला, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ब्योयोमीतल्या माणसाला दर मिनिटाला 'सावधान' ऐकू येतं आणि पळायची सोय नसते. एकेका चालीवर तासभर थबकणारे धीरगंभीर पुरुष आठाला हात वाडग्यात घालतात, नऊला सोंगटी ठेवतात, आणि ठेवल्यावर ती कुठे ठेवली ते बघतात.

या मिनिटाच्या कोंडीतून एक शहाणपण निघालं. डाव अवघड आहे, विचाराला वेळ हवा, मिनिट संपत आलं. मग पटाच्या दुसऱ्या टोकाला अशी चाल करायची की समोरच्याला एकच उत्तर देता येईल. तो उत्तर देतो, आपल्याला नवं मिनिट मिळतं. जपानीत याला वेळ जोडून घेणं म्हणतात. फुकट मात्र काही नसतं. अशा राखीव धमक्या पुढे कामाला येणार असतात आणि आपण त्या वेळेसाठी उधळून टाकतो. मोठ्या सामन्यात अशी चाल पडली की जाणकार प्रेक्षक गंभीरपणे मान डोलावतात आणि तिच्यामागचा डावपेच शोधू लागतात. पुष्कळदा डावपेच एवढाच असतो की खेळाडूला शौचालयात जायचं आहे, समोरचा उत्तर शोधेल तेवढ्यात जाऊन यायचं आहे, आणि हे सांगायला पटाशिवाय दुसरी भाषा नाही.

ब्योयोमीतला सर्वांत मोठा घोटाळा 1980 च्या मेइजिन किताबाच्या सामन्यात झाला. किताबधारक ओताके हिदेओ, आव्हानवीर चो चिकुन. चौथ्या डावात 'को' ची लढाई लागली. को म्हणजे एकमेकांची एकच सोंगटी आळीपाळीने उचलत राहण्याची जागा. हा खेळ अनंतकाळ चालू नये म्हणून नियम असा की समोरच्याने उचलल्यावर लगेच परत उचलता येत नाही, आधी दुसरीकडे एक चाल करावी लागते. चो शेवटच्या मिनिटात होते. आकडे मोजले जात होते. त्यांनी नोंद ठेवणाऱ्या तरुण खेळाडूला विचारलं, को उचलायची पाळी माझीच ना? तो हो म्हणाला. चोंनी उचलली, आणि पाळी त्यांची नव्हती.

आता ज्याने नियम मोडला त्याने पंचाकडच्या माणसाला विचारूनच मोडला होता. बिचाऱ्या नोंदकाचीही अडचण समजून घ्यायला हवी. एका तोंडाने सात, आठ मोजायचं आणि त्याच तोंडाने कायद्याचा सल्लाही द्यायचा. शेवटी डाव ना हार ना जीत असा सोडून दिला गेला. चो पुढे सामना जिंकले. नोंदकाला विचारलं तरी जबाबदारी खेळणाऱ्याचीच, असं त्यानंतर ठरलं.

जपानी नोंदक सगळ्या टेबलांना कुठून पुरवणार? म्हणून पाश्चात्य स्पर्धांत वर्षानुवर्षं कॅनडाच्या पद्धतीची ब्योयोमी चालली. तुमचा मूळ वेळ संपला की ठरावीक मिनिटांत ठरावीक सोंगट्या खेळायच्या. समजा, 10 मिनिटांत 25. घड्याळ थांबवायचं, 25 सोंगट्या मोजून बाहेर काढायच्या, वाडग्यावर झाकण घालून तो बाजूला सारायचा. बाहेरच्या सोंगट्या संपल्या की पुन्हा 10 मिनिटं. पद्धत सोपी आहे, मोजणी सोडून. दोन पदवीधर, त्यातला एक बहुधा गणिताचा, पाच-पाचचे ढीग करून सोंगट्या मोजतात. समोरचा पुन्हा मोजतो. 'अविश्वास नाही हं, आपली पद्धत म्हणून,' असं डोळ्यांनी सांगतो. चोवीस भरतात. पुन्हा मोजतात, सव्वीस भरतात. घड्याळ थांबलेलं असतं, त्यामुळे दोघंही खालमानेने पट न्याहाळत असतात आणि मोजणी संपावी अशी कुणालाच फारशी निकड नसते.

झाकणावरून आठवलं. वाडग्याचं झाकण हे मारलेल्या सोंगट्या ठेवायचं ताट. जपानी आणि कोरियन मोजणीत मारलेल्या सोंगट्यांचे गुण धरतात, म्हणून त्या समोरच्याला दिसल्या पाहिजेत. चिनी मोजणीत त्यांना किंमत नाही, त्यामुळे चिनी खेळाडू त्या हाताला येईल तिथे टाकतो. कोरियाच्या संघटनेने झाकणाची सक्ती केली, आणि जानेवारी 2025 मध्ये एलजी चषकाच्या अंतिम सामन्यात चीनचा के जिए ब्यून सांग-इलविरुद्धचा दुसरा डाव याच कलमावर हरला: सोंगट्या झाकणावर ठेवायला दोनदा विसरला. तिसऱ्या डावात पुन्हा तेच. 2 गुणांचा दंड झाला, खडाजंगी झाली. चिनी बाजूची हरकत दंडापेक्षा वेळेबद्दल होती. पंचांनी डाव थांबवला तो भलत्या क्षणी, आणि थांबलेल्या वेळात समोरच्याला फुकट विचार करायला मिळाला, असं त्यांचं म्हणणं. के जिएने डाव पुढे खेळला नाही आणि चषक ब्यूनकडे गेला. वाद सोंगट्यांचा होता तरी शेवटी घड्याळाच्याच दारात येऊन थांबला.

या सगळ्या गुंत्यावर तैवानचे उद्योगपती इंग चांग-की यांनी रोखठोक व्यापारी तोडगा काढला. 1988 मध्ये त्यांच्या नावाचा चषक सुरू झाला. बक्षीस 4 लाख डॉलर, आणि ब्योयोमी नाही. वेळ संपला? विकत घ्या. जादा वेळाच्या प्रत्येक हप्त्याला 2 गुण मोजा. इथे दमछाक नाही, आकड्यांची ओरड नाही. गो खेळणाऱ्यांना ही कल्पना जराशी असभ्य वाटली. कारण उघड आहे. वेळेची किंमत इतकी स्पष्ट लिहून दिली की सज्जनाला युक्ती करायला जागाच उरत नाही.

मार्च 2016 मध्ये सोलला ली सेडोलसमोर अल्फागो हा संगणक बसला, तेव्हा घड्याळाला आयुष्यात पहिल्यांदा निर्दोष खेळाडू भेटला. प्रत्येकी 2 तास आणि मग एकेका मिनिटाच्या तीन ब्योयोमी. संगणकाच्या वतीने आजा हुआंग हे संशोधक सोंगट्या ठेवत आणि बटण दाबत, चेहऱ्यावरची रेषाही न हलवता. थापट नाही, घिरट्या नाहीत, बोट विसरणं नाही. दुसऱ्या डावात ली सिगारेट ओढायला बाहेर गेला असताना संगणकाने ती प्रसिद्ध 37 वी चाल केली. ली परत आला, पटाकडे बघितलं, आणि बराच वेळ बघतच राहिला. आता त्याचं घड्याळ चालू होतं. समोरचा माणूस खाकरत नव्हता, की समजुतीने मान हलवत नव्हता. इतक्या पूर्ण शिष्टाचाराची जगातल्या कुणालाच सवय नव्हती. चौथा डाव मात्र लीने जिंकला, तेव्हा सगळ्या सज्जनांना हायसं वाटलं.

पण घड्याळाच्या शिष्टाचाराचा खरा कस लागतो तो फार साध्या प्रसंगात. समोरचा चाल करतो आणि बटण दाबायला विसरतो.

त्याच शाळेच्या हॉलमध्ये, खिडकीजवळच्या टेबलावर बघा. काळ्यावाल्याने चाल केली, चहाचा घोट घेतला, हात घडी घालून बसला. घड्याळ त्याचंच चालू आहे. पांढऱ्यावाल्याला ते दिसलं. दिसलं हे त्याच्या भुवईवरून कळतं. नियम त्याच्यावर काहीही बंधन घालत नाही, स्वतःचं घड्याळ दाबणं ही ज्याची त्याची जबाबदारी. शिष्टाचार म्हणतो की खूण करावी, बोटाने घड्याळाकडे दाखवावं, एवढंच. तो विचार करतो. आपण नेमकं काय पाहिलं? कदाचित समोरचा चाल करून अजून विचार करत असेल. एखाद्याच्या विचारात व्यत्यय आणणं हे शिष्टाचारात बसतं का? नाही बसत. म्हणून तो गप्प राहतो आणि समोरच्याच्या वेळात आपली पुढची चाल शोधू लागतो. चाल सापडते. आता ती खेळायची, तर त्याआधी समोरच्याने दाबायला हवं, कारण दाबण्याच्या आत खेळणं असभ्य. म्हणून तो थांबतो. काळ्यावाला मनात म्हणतोय, हा केवढा विचार करतोय. पांढऱ्यावाला मनात म्हणतोय, केवढा विसरभोळा. पाच मिनिटं दोघं अत्यंत सभ्यपणे एकमेकांची वाट बघतात.

भोवती बघे जमलेले असतात. त्यांना सगळं दिसतंय, आणि त्यांनी तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, हा गोच्या दुनियेतला सर्वांत कठोर नियम. एखाद्याचा वेळ संपून आकडा शून्यावर गेला तरी सांगायचा हक्क फक्त समोरच्या खेळाडूला. बघ्यांनी नुसतं बघायचं. एक जण छताकडे बघतो, दुसरा आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडे अशा काही अर्थपूर्ण नजरेने बघतो की पांढऱ्यावाला त्याच्यावर डोळे वटारतो.

शेवटी पांढऱ्यावाला खूण करतो. करतोच. जवळपास सगळेच करतात, आणि या खेळाची लाज त्यांनीच राखलेली आहे. किती वेळाने करतात, हा मात्र ज्याच्या त्याच्या संस्कारांचा प्रश्न. निरीक्षणावरून एवढं सांगता येतं की डाव जिंकत असलेल्या माणसाची सदसद्विवेकबुद्धी फार लवकर जागी होते.

हरत असलेल्याकडे वेगळं शस्त्र असतं. पटावर काही शिल्लक नाही, पण समोरच्याच्या घड्याळात 40 सेकंदच आहेत आणि जादा वेळ नाही. मग समोरच्याच्या पक्क्या मुलखात एक सोंगटी. तिला उत्तर. आणखी एक. तिलाही उत्तर. एकाही चालीला अर्थ नाही, फक्त समोरच्याचा हात पटापासून घड्याळापर्यंत जायला जेवढा वेळ लागतो त्यावर सगळी मदार. नियमाने यात काहीच चूक नाही. असा जिंकलेला माणूस निकाल लिहायला जातो तेव्हा मात्र लोक त्याला 'अभिनंदन' म्हणायच्या ऐवजी 'किती गुणांनी?' असं विचारतात.

डाव संपला की दोघांपैकी एक जण घड्याळ थांबवतो, दोघं वाकतात, आणि आता घड्याळाचा अंमल संपला म्हणून खऱ्या अर्थाने बोलायला लागतात. सोंगट्या पुन्हा मांडतात, पहिल्या चालीपासून. इथे असं खेळलो असतो तर? मग मी तसं खेळलो असतो. अच्छा, मग हे? मघाशी एकेका सेकंदासाठी बटणावर झडप घालणारे हे दोघं आता एकमेकांना अर्धा अर्धा तास सहज देऊन टाकतात. हरलेला पुनःपुन्हा एकच मुद्दा पटवून देत असतो की तिथे विचार करायला वेळच मिळाला नाही, आणि हे पटवून द्यायला तो डावापेक्षा जास्त वेळ घेतो. जिंकलेला अतिशय सहानुभूतीने ऐकतो. दोघांचंही एकमत होतं की घड्याळ हे या खेळातलं सर्वांत असभ्य पात्र आहे.

तोवर पुढच्या फेरीच्या जोड्या भिंतीवर लागून दहा मिनिटं झालेली असतात. हे दोघं धावतपळत आपापल्या टेबलावर पोचतात, तेव्हा समोरच्या सज्जनाने त्यांचं घड्याळ कधीच सुरू करून ठेवलेलं असतं.